शंभर रुपये द्या आणि साधे व्हा

आधी कबुली देतो, शिव्या नंतर. मी शंभर रुपये दिले. कुणी गचांडी धरून घेतले नाहीत. मुकादमाने वही पुढे केली, "काय कवी, लिहू ना नाव?" म्हणाला, आणि मी खिशात हात घातला. तेव्हा पुढे जे लिहितोय ते रस्त्यापलीकडे उभं राहून केलेलं भाषण नव्हे. मी त्या तमाशात होतो. फोटोतही आहे. कडेला, अर्धा खांदा कापलेला.

गोष्ट २०२५ सालच्या ३ ऑक्टोबरची. वार शुक्रवार. मुंबईच्या गोदीत एका मालवाहू कंपनीच्या यार्डात मी ठेकेदाराचा कामगार आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर गेटपास जाईल, आणि दुसऱ्या कंपनीत गेलो तरी धंदा तोच : कंटेनर उघडायचा, माल उतरवायचा, दुसरा भरायचा. पन्नास किलोची गोण पाठीवर असताना कविता सुचत नाही. गोण उतरवली की जी ओळ येते ती मात्र हलत नाही. असो.

त्याआधी आठवडाभर गेटाजवळच्या फळ्यावर नोटीस लागली होती. वर इंग्रजी, खाली मोडकं मराठी. 'दानासाठी साधा पोशाख दिन'. मजकूर असा की, ज्याला हौस असेल त्याने शंभर रुपये भरावेत आणि त्या दिवशी युनिफॉर्म, टाय, बूट सगळं घरी ठेवून जीन्स-टीशर्टमध्ये यावं. जमलेली रक्कम आणि घरातले 'चांगल्या स्थितीतले' जुने कपडे कोकणातल्या एका गरजू वस्तीला दिले जातील. २ ते ८ ऑक्टोबर हा आठवडा देशभर दानाचा आठवडा म्हणून पाळतात, त्यातच हे बसवलेलं. साधा पोशाख करायचा आणि त्याचे पैसे द्यायचे! आमच्या वाडीत माझ्या पणजोबाने जन्मभर साधा पोशाख केला, त्याच्याकडून कुणी शंभर रुपये मागितले नाहीत. दुसरा देणारच कोण होता म्हणा.

आता खरी गंमत. ही हौस ऑफिसातल्यांची. आम्ही यार्डातले, आमच्या अंगावर केशरी जाकीट, त्याला रेडियमची पट्टी, पाठीवर ठेकेदाराचं नाव. ते काढायचं नाही. काढलं तर गेटावर अडवतात. सुरक्षेचा नियम आहे आणि नियम बरोबरच आहे. क्रेनवाल्याला माणूस दिसला पाहिजे. पण मग वही आमच्याकडे कशाला आली? मुकादम म्हणाला, "ऐच्छिक आहे रे बाबा. पण साहेबाने बावीस नावं मागितलीत." आमच्या पाळीत आम्ही बावीसच आहोत. म्हणजे ऑफिसातल्या माणसाने शंभर देऊन कपडे बदलले, आणि आम्ही शंभर देऊन होते तेच कपडे घातले. आमच्या एका दिवसाच्या हजेरीचा तो सहावा हिस्सा.

आणि साली ही जीन्स तरी कुणाची? १८७३ साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस नावाचा कापडवाला आणि जेकब डेव्हिस नावाचा शिंपी या दोघांनी खिशाच्या कोपऱ्याला तांब्याची रिबिट मारलेल्या पँटचं पेटंट घेतलं. खाणीत राबणाऱ्या, लाकडं तोडणाऱ्या माणसाचे खिसे फाटू नयेत म्हणून ती रिबिट. त्याच्याही कितीतरी आधी आपल्या मुंबईचं एक जाडंभरडं कापड होतं. डोंगरीच्या किल्ल्याच्या आसपास ते विकलं जायचं, बंदरात उतरणारे खलाशी घ्यायचे. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द तिथला, डोंगरीचा. शब्द साहेबाकडे गेला, कपडा शिवून परत आला, आणि गिरणीतले, रेल्वेतले, गोदीतले आपले बाप त्याला 'डांगरी' म्हणू लागले. अजून पुढे ऐका. १९८६ साली त्याच लेव्हीच्या कंपनीने एक पँट काढली आणि तिला नाव दिलं 'डॉकर्स'. डॉकर म्हणजे गोदी कामगार. म्हणजे मी. १९९२ साली त्या कंपनीने अमेरिकेतल्या पंचवीस हजार एचआर मॅनेजरांना एक छापील पुस्तिका पाठवली : ऑफिसात साधे कपडे घालू द्यायचे तर कसे घालू द्यावेत. शुक्रवारचा साधेपणा तिथून जोरात पसरला. त्याआधी १९६६ मध्ये हवाई बेटावर रंगीत शर्टाचा शुक्रवार सुरू झाला, तोही शर्ट खपावेत म्हणून शर्ट शिवणाऱ्यांनीच पुढे रेटलेला. तर आमच्या नावाची पँट घालून साहेब शुक्रवारी साधा होतो. मी माझी पँट फुटपाथवरून घेतो. तिच्यावर कुठलंच नाव नसतं.

आपल्या सरकारचा शुक्रवार वेगळाच. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढलं : कर्मचाऱ्यांनी कचेरीत जीन्स-टीशर्ट घालायचे नाहीत, आणि आठवड्यातून निदान शुक्रवारी खादी घालावी. जीन्सवरची बंदी पुढे २०२१ मध्ये उठवली. मार्च २०२४ मध्ये शाळामास्तरांसाठी निघालं : जीन्स-टीशर्ट नको, शर्ट पँटीत खोचा. म्हणजे एकाच शुक्रवारी एका इमारतीत खादी घालून साधं व्हायचं, दुसऱ्या इमारतीत जीन्स घालून. साधं म्हणजे काय हे ठरवणारा मात्र दोन्हीकडे वरच्या मजल्यावर बसतो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या दिवशी, गुरुवारी, गांधी जयंती आणि दसरा एकत्र आले होते. आपल्याला तो दिवस कशाचा ते तुम्हाला सांगायला नको. १९५६ च्या अशोक विजयादशमीला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. त्यांतल्या कितीजणांकडे दुसरा धड कपडा होता? तरी पांढरा आणला, धुतला, घातला. आमच्या विहारातही परवा तसंच. माझा पांढरा शर्ट, पांढरी पँट, नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कडक करून आणलेली. रात्री घडी घालून ठेवताना वाटलं, उद्या 'साधा पोशाख दिन' आहे ना, मग हाच घालू. मुद्दाम काही ठरवलं नव्हतं असं म्हणालो तर खोटं होईल. थोडं ठरवलं होतं.

आमची दुसरी पाळी. फोटो पाळी सुरू व्हायच्या आधी, ऑफिसच्या पायऱ्यांवर. ऑफिसातली मंडळी रंगीबेरंगी. एका पोराची जीन्स गुडघ्यावर फाटलेली, दुकानातून तशीच फाटकी आणलेली. पोरगा वाईट नाही, कधीमधी माझ्या कविता मोबाईलवर वाचतो. पण ते गुडघे बघून मला माझी सातवीतली खाकी चड्डी आठवली. तिच्या मागच्या ठिगळावर आईने इतका बारीक टाका घातला होता की जवळून बघितल्याशिवाय कळू नये. गरीब माणूस फाटकं लपवतो. त्यासाठी डोळे फोडून शिवतो. आणि इथे फाटकं दाखवण्यासाठी जास्त पैसे मोजतात.

एचआरच्या मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "अरे, आज कॅज्युअल होतं ना? तू तर मुलाखतीला आल्यासारखा आलायस!" सगळे हसले. मीही हसलो. हसण्याशिवाय त्या वेळी दुसरं काही सुचत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. मग मुकादमाने हाक मारली, "जाकीट घाल रे, फोटोत नियम दिसला पाहिजे." पांढऱ्या शर्टावर केशरी जाकीट चढलं. फोटो निघाला.

एवढ्याशा बोलण्याने झोंबावं का? झोंबलं. का झोंबलं ते मी पाळीभर गोणी वाहता वाहता शोधत होतो.

मी दापोली तालुक्यातला. आमच्याकडे म्हातारी माणसं दापोलीला अजून 'कँप' म्हणतात. कंपनी सरकारने तिथे लष्करी छावणी बसवली होती. पुढे त्या गावात निवृत्त महार शिपाई, हवालदार, सुभेदार पेन्शन घेऊन वस्ती करून राहिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीतच होते. आंबडवे हे त्यांचं मूळ गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यात. गोपाळबाबा वलंगकर महाडकडच्या रावढळचे, हवालदार म्हणून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. 'विटाळविध्वंसन' लिहिणारे ते हेच. आता विचार करा. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्या माणसाच्या अंगावर बटणं लावलेला कोट, पायात बूट, छातीवर बिल्ला. त्याला 'अरे' म्हणताना समोरच्याची जीभ क्षणभर तरी अडखळत असेल. कपडा सरकारचा होता, गोऱ्या सरकारचा होता, सगळं कबूल. पण गावाने ठरवलेला नव्हता.

१८९२ साली त्या सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा दापोलीच्या याच पेन्शनर मंडळींनी, अनार्य दोषपरिहारक मंडळीने, १८९४ मध्ये विनंतीपत्र तयार केलं : आमची भरती पुन्हा सुरू करा. पगारासाठी होतं, मानासाठी होतं. मला वाटतं त्या कागदाच्या पोटात तो कोटही होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. एवढी वर्षं एक कपडा परत अंगावर चढवण्यासाठी गेली, आणि इथे युनिफॉर्म काढायची गंमत शंभर रुपयाला.

माझे आजोबाही युनिफॉर्मवाले. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखालच्या बोर्डाचे नोंदलेले कामगार होते. त्याआधी मुकादम गेटावर बोट दाखवील तो कामाला, बाकीचे घरी. ते कामगारांनी लढून बंद पाडलं. बोर्डाच्या माणसाला कार्ड, बिल्ला. बोट लागली नाही तरी हजेरीचे पैसे. आजोबा शिमग्याला गावी यायचे ते कामाच्या खाकी कपड्यात. दुसरे नव्हते म्हणून नव्हे. आई सांगते, एस.टी.तून उतरले की आधी बिल्ला पुसायचे, मग वाडीची वाट धरायची. आज माझ्या पाठीवर ठेकेदाराचं नाव आहे आणि माझं नाव मुकादमाच्या वहीत. बोट दाखवणं परत आलंय. जाकीट तेवढं नवीन.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की चांडाळाने मेलेल्याचे कपडे घालावेत. त्याच अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत असंही आहे. जुने कपडे देण्याची पद्धत किती जुनी आहे ते बघा. १९२८ साली इंदूरकडे बलाई लोकांना सवर्णांनी हुकूम काढले : जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते नोंदवलंय. आणि हे जुनं झालं म्हणून सोडायचं म्हटलं तर २०२३ साली गुजरातेत, बनासकांठा जिल्ह्यात, चांगले कपडे घातले आणि गॉगल लावला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण केल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्याच्यासाठी कॅज्युअल काय आणि फॉर्मल काय? त्याला तर रोजच पोशाख दिन.

म्हणून महाड. दापोलीहून फार लांब नाही, आमच्या कोकणातलंच. २५ डिसेंबर १९२७ ला तिथे मनुस्मृती जाळली हे सगळ्यांना पाठ आहे. दोन दिवसांनी, २७ तारखेला, बाबासाहेब बायांशी कपड्यावर बोलले हे कमी जणांच्या ध्यानात राहतं. अस्पृश्य म्हणून ओळखू याल अशी राहणी टाका. लुगडं इतर बाया नेसतात तसं घोळदार नेसा. हातभर-गळाभर त्या कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांचं ओझं उतरवा. कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. आणि बायांनी तिथल्या तिथे नेसण बदललं. पुस्तक जाळायला एक दिवस लागला. नेसण बदलायला त्यांना गावात परत जाऊन तेच लुगडं नेसून पाणवठ्यावर उभं राहावं लागलं असेल. त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

१९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला गांधींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा घेतला. बाबासाहेब सुटाबुटात राहिले. आमच्या विहारातल्या फोटोत कोट, टाय, खिशाला पेन. ज्याच्याकडे उतरवायला आहे तो उतरवील, त्याचं कौतुकही होईल. ज्याच्या अंगावरचं हजार वर्षं दुसऱ्याने उतरवलं त्याने काय उतरवायचं?

इथे कुणीतरी म्हणेल, म्हणजे साधे कपडे घालणं हा ब्राह्मणी कावा आहे की काय? नाही बाबा. जोतीराव आठवा. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीच्या पोराला, ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी होती. हिरे-माणकं लावलेली बडी मंडळी जमली. जोतीराव गेले ते फाटक्या शेतकऱ्याच्या वेषात. दारावर अडवलं त्यांना. आत गेल्यावर त्यांनी राजपुत्राला सरळ सांगितलं की हे नटलेले लोक म्हणजे हा देश नव्हे, खरी रयत बघायची तर खेड्यात जा. हाही साधा पोशाखच. पण तो राजपुत्राच्या तोंडावर केलेला होता, आणि त्यातून हिशेब मागितलेला होता. आमच्या पायऱ्यांवरच्या साधेपणाने कुणाकडे हिशेब मागितला? उलट आमच्याकडूनच शंभर घेतले.

आता दानाचं. खरं जळतंय ते इथे.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाल्या, "तू दापोलीकडचाच ना? मग बरं झालं. तुझ्या वस्तीतल्या गरजू लोकांची यादी दे. पैशातून दप्तरं-वह्या घेऊ आणि कपड्यांचे खोके आहेतच. वाटप तूच कर, फोटो छान येईल." माणूस वाईट नाही, पुन्हा सांगतो. मनापासून बोलत होत्या. मी म्हणालो, "वाडीला विचारून सांगतो."

कपड्यांचे खोके म्हटल्याबरोबर माझ्या नाकात वास आला. ३ जून २०२०. निसर्ग वादळ. श्रीवर्धनकडून आत घुसलं आणि दापोली-मंडणगडची कौलं, पत्रे, नारळी-पोफळी घेऊन गेलं. आमच्या घरावर फणस पडला. नंतर मदतीचे टेम्पो आले. तांदूळ आले, ताडपत्र्या आल्या, त्या देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. बरेचसे चाकरमानीच होते. पण कपड्यांचा एक टेम्पो आला आणि त्याने विहाराच्या अंगणात ढीग ओतला. भर पावसाळ्यात. बटणं तुटलेले कोट, लग्नात एकदा घातलेला चमचमता घागरा, कॉलर काळी झालेले शर्ट, एका पायाचा बूट. दुसरा पाय कुठे ते कुणाला ठाऊक! आईच्या वाट्याला एक गाऊन आला, छातीवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं. तिने मला वाचायला लावलं. मी खोटंच सांगितलं, 'शुभ सकाळ' लिहिलंय म्हणून. ढीग भिजला, कुजला. एक कोट तेवढा उपयोगी पडला : वानरांसाठी बुजगावण्याला घातला. दोन पावसाळे तो शेतात उभा होता.

तर विचारलं वाडीला. आधी मुंबई मंडळाची सभा, वडाळ्याला एका खोलीत, चौदा माणसं. सगळे एका सुरात : जुने कपडे नकोत. दप्तरं-वह्या चालतील, पण 'गरजूं'ची यादी नको. शाळेतल्या सगळ्या पोरांना द्या, आमचीतुमची न बघता. आणि फोटो नको. मला अभिमान वाटला. मग गावी फोन लावला. माझी काकी फोनवर आली. तिची पोरगी पाचवीला. काकी म्हणाली, "तुमी मुंबयत बसून मान राखा. हितं माझी पोर फाटकं दप्तर घेऊन शालंत जाते. फोटो काडला म्हून काय आंग झिजतंय काय?"

दोस्तहो, हिला काय उत्तर द्यायचं? मला तरी सुचलं नाही. मी 'काकी, तसं नाही गं' एवढंच म्हणत राहिलो. सिद्धांत माझ्याकडे होता. दप्तर नव्हतं.

सिद्धांत असा. १४ नोव्हेंबर १९३२ ला बाबासाहेबांनी बोटीवरून, पोर्ट सैदहून, अमृतलाल ठक्करांना पत्र लिहिलं. पुणे करारानंतर जो अस्पृश्यता निवारणाचा संघ निघाला, पुढे ज्याचं हरिजन सेवक संघ झालं, त्याचे ठक्कर सरचिटणीस. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं : निवडक माणसांचं भलं करत बसू नका, विहिरीवर, शाळेत, चावडीत, वाहनात आमचा हक्क बजावायची मोहीम काढा, आणि कापडगिरण्यांत जिथे चांगला पगार मिळतो त्या विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नाहीत, तिथे जोर लावा. संघाने ते ऐकलं नाही. दान करणं सोपं असतं. विणखात्याचं दार उघडायचं तर मालकाशी भांडावं लागतं.

आमच्या यार्डातही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्यावरच्या मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. नफ्यातून खर्चायचे. माझ्या हजेरीतून नव्हे. माझे शंभर आणि आमच्या पाळीचे बावीसशे कुठल्या रकान्यात लिहिले ते मी विचारलं. मुकादम म्हणाला, "तुला कशाला नसत्या चौकशा?" ज्या कामगाराच्या बुटाचा तळ पावसाळ्यात उघडतो आणि वर्ष संपेपर्यंत दुसरा जोड मिळत नाही, त्याच्याकडून शंभर घ्यायचे आणि त्याच्याच वाडीला दप्तर द्यायचं, वर त्यालाच हातात धरायला लावून फोटो काढायचा. माझाच पैसा माझ्याच काकीला दान होऊन मिळणार होता. मधल्या मध्ये कंपनी दानशूर.

मंडळाचा निरोप मी मॅडमना सांगितला. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "असं नाही रे जमत. आमचा एक फॉरमॅट असतो. लाभार्थ्यांची नावं लागतात, फोटो लागतो." दप्तरं आणि खोके दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या वाडीत गेले. तिथल्या पोरांचे फोटो फळ्यावर लागलेत. पोरं हसतायत. खरंच हसतायत, दप्तर चांगलं आहे. मी रोज जाता-येता बघतो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा दापोलीच्या बाजारातून चुलत बहिणीसाठी दप्तर घेतलं. निळं, दोन कप्प्यांचं. तिने पाठीला लावलं, वाडीभर फिरली. काकी चुलीपुढून उठली नाही. माझ्याशी अजून धड बोलत नाही. "वाडीत अजून सात पोरं हायत," एवढं म्हणाली. बरोबर आहे तिचं. सात आहेत. मी मोजली.

तर आता कामाचं बोलतो. आम्ही एक अर्ज तयार केलाय. मसुदा माझा आहे, त्यात कविता नाही. वर्षाला बुटांचे दोन जोड, पावसाळ्यात रेनकोट, पी.एफ.ची पावती हातात, आणि हजेरीतून किंवा खिशातून कुठलीही वर्गणी मुकादमाच्या वहीत लिहायची नाही. बावीसपैकी सतरा सह्या झाल्यात. पाच जण घाबरतायत. त्यांना मी नावं ठेवत नाही, मीही शंभर दिले होते. दुसऱ्या यार्डांतल्या ठेक्याच्या पोरांनी आपापल्या फळ्यावरच्या नोटिसा बघाव्यात, वह्या बघाव्यात, कुठे काय कापलं जातं ते लिहून आणावं. आमची पाळी रात्री अकराला सुटते. गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही साडेअकरापर्यंत असतो. कुठल्याही कपड्यांत या.